पुरात बुडालेली बोलेरो पिकअप घरीच पुन्हा चालू केली (बडोदा, कामाच्या नोंदी)

गाडी बोलेरो पिकअप, २०११ची, २५२३ सीसी डिझेल, पंप मेकॅनिकल, म्हणजे ईसीएम-बिसीएमची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) भानगड नाही. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. आमचं मंडप-डेकोरेशनचं काम आहे त्यामुळे हौद्यात कायम बांबू, पाइप, खुर्च्या नाहीतर पडद्यांचे गठ्ठे. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी, म्हणजे पुराचं नुकसान एक रुपयासुद्धा मिळणार नाही. गॅरेजवाल्यानं नुसती गाडी बघून ६५ हजारांपासून पुढे सांगितले, इंजिन उघडावं लागलं तर वेगळे, आणि नंबर दिवाळीनंतर. म्हणून घरीच करायचं ठरवलं. ज्यांच्या गाड्या अशाच गाळात उभ्या आहेत त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय, सीआरडीआय (कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन) गाडी असेल तर यातलं इंजिन आणि वायरिंगचं सगळं जसंच्या तसं करू नका.

३० ऑगस्ट २०२४

आज गोडाउनपर्यंत पोचता आलं. विश्वामित्री नदी या वेळी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली, मुजमहुड्यात आमच्या गल्लीत कंपाउंडच्या भिंतीसुद्धा दिसत नव्हत्या म्हणे. गाडीवर पाण्याची रेघ हेडलाइटच्या बरोबर मध्यावर आहे. म्हणजे सेल्फ (स्टार्टर), अल्टरनेटर, गिअरबॉक्स, मागचा एक्सल, चारही चाकांचे हब, सीट, सगळं पाण्याखाली होतं आणि पाणी उतरेपर्यंत तसंच राहिलं.

गाडीखाली शिरायच्या आधी लांब बांबूनं खालचा गाळ ढवळून घेतला. हसू नका, या पुरात शहरात रस्त्यावर मगरी फिरत होत्या आणि साप तर प्रत्येक गल्लीत निघाले.

मग पहिलं काम बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढून बाजूला केले, आधी निगेटिव्ह. चौकातला मिस्त्री सायकलवरून जाताना थांबला आणि म्हणाला, "भाई, एक वार सेल मारी जुओ ने, चालू थई जाय तो बाकी बधुं पछी." (एकदा सेल्फ मारून बघा, चालू झाली तर बाकीचं सगळं नंतर.) आजूबाजूच्या लोकांनी नेमकं हेच केलंय. आमचे काका प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेत, त्यांना फोन केला तर ते फोनवरच ओरडले, "चावी खिशात ठेव आणि घरी ये. सेल्फ मारलास तर माझ्याकडे येऊ नकोस."

कारण सरळ आहे. सिलिंडरमध्ये हवा असेल तर ती दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला जायला जागा नाही, सेल्फ जोर लावतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग जे काम ऑइल-फिल्टरवर निभावलं असतं ते पूर्ण इंजिन उतरवण्यावर जातं. फुल इन्शुरन्स असला तरी असं बिघडलेलं इंजिन बहुतेक वेळा क्लेममध्ये बसत नाही, वेगळं इंजिन कव्हर घेतलेलं असेल तरच.

३१ ऑगस्ट

काका आले. आधी डिपस्टिक. ऑइलची लेव्हल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर, आणि रंग करडा. म्हणजे खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये पाणी आहे. एअर फिल्टरचं झाकण उघडलं, कागद खालच्या बाजूनं ओला आणि डब्याच्या तळाला गढूळ पाणी. म्हणजे आत गेलेलं असण्याची शक्यता आहे, नक्की नाही.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल काढले. पाइपचे नट सोडायला त्रास झाला नाही पण एक नोझल जागेवरच बसून होता, त्याला रस्ट स्प्रे मारून चहा पिऊन आलो, मग पान्यानं डावी-उजवीकडे हलवत हलवत निघाला. हातोडी मारू नका, नोझल महाग आहे. नोझलखालचे तांब्याचे वॉशर परत वापरायचे नाहीत, चारही नवे आणायचे, नाहीतर तिथून कॉम्प्रेशन लीक होतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

नोझलची भोकं मोकळी ठेवून क्रँक पुलीच्या नटावर मोठी गोटी (सॉकेट पाना) लावून हातानं इंजिन फिरवलं. अर्धा फेरा घट्ट गेला आणि तिसऱ्या सिलिंडरच्या भोकातून पिचकारी उडाली, सरळ काकांच्या शर्टावर. साधारण कपभर पाणी असेल. काका शर्टाकडे बघत म्हणाले, "हे बघ, हा तुझा कनेक्टिंग रॉड." सेल्फ मारला असता तर काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको.

इंजिन मोकळं फिरतंय, कुठे अडकत नाही. प्रत्येक भोकात थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं, परत हातानं फिरवलं, भोकं स्वच्छ फडक्यानं बंद केली. नोझल टेस्टिंगला दिले.

१ सप्टेंबर

आज सगळी ऑइलं काढली. काकांचा नियम असा की इंजिन चालू व्हायची वाट बघायची नाही, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलमधलं (डिफ, मागच्या एक्सलमधला गिअरचा डबा) पाणी आधी बाहेर, कारण इंजिनात निदान ऑइलचा थर चिकटून राहतो, डिफमध्ये बेअरिंगचा वरचा भाग तसाही उघडा असतो आणि तिथं गंज लगेच धरतो.

इंजिन: ड्रेन प्लग सोडला तर पहिल्यांदा नुसतं पाणी आलं, मातकट, बराच वेळ. पाणी जड, ते तळाला बसतं. त्यानंतर करडं ऑइल. रात्रभर प्लग उघडा ठेवलाय, खाली पत्र्याचा डबा.

डिफ: इथे एक गोष्ट नीट वाचा. आधी भरायचा प्लग सोडायचा, मग खालचा. आमचा भरायचा प्लग गंजून बसला होता, पान्याला पाइप घालून जोर लावला तरी हलेना. खालचा आधी सोडला असता तर रिकामं डिफ आणि भरायला भोक नाही अशी गंमत झाली असती. गॅसच्या छोट्या टॉर्चनं भोवतालचं कास्टिंग गरम केलं (डिझेलची टाकी आणि ब्रेकचा रबरी पाइप जवळ आहे, ओलं पोतं टाकून झाकलं), मग परत पाना, तेव्हा कुठे कर्रर करत सुटला.

खालून जे निघालं ते ऑइल नव्हतं, बासुंदी होती. घट्ट, पिवळसर, डब्यात पडताना आवाजसुद्धा तसाच. एक्सलच्या नळीवर हवा जायला-यायला एक छोटा ब्रीदर असतो, त्यातून हे पाणी शिरतं. गरम एक्सल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते.

डिफमध्ये एक लिटर डिझेल घालून, मागची चाकं घोडीवर (स्टँडवर) उचलून घेऊन हातानं फिरवायचा बेत होता पण चाकं फिरेचनात. हँडब्रेक ओढून ठेवलेला होता त्यामुळे ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेत. डिझेल तसंच आत ठेवलं, ड्रम सुटले की बघू.

गिअरबॉक्समधून कमी पाणी निघालं, ऑइल काळंच होतं, तळाला थोडा करडा गाळ.

निघालेलं ऑइल सगळं डब्यात भरून ठेवलंय, जुनं ऑइल घेणारा येतो त्याला देणार. गटारात ओतू नका, आधीच पुरानं काय कमी केलंय.

२ सप्टेंबर

डिझेल टाकी. ड्रेन प्लग सोडून पहिलं जे आलं ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरलं आणि पायरीवर ठेवलं. पाच मिनिटांनी बाटलीत तीन थर दिसले: तळाला मातीची रेघ, त्यावर राखाडी पाणी, वर डिझेल. पाणी निम्म्याच्या वर. ही परीक्षा प्रत्येकानं करावी, फुकट आहे. टाकी पूर्ण रिकामी केली, थोडं चांगलं डिझेल घालून हलवून परत काढली, बाटलीत पाणी दिसेनासं होईपर्यंत. निघालेल्या डिझेलमधलं वरचं निवळून पार्ट धुवायला ठेवलं.

दोन्ही डिझेल फिल्टर नवे. पंपाच्या आतल्या बाजूला पाणी गेलंय का ते कळायला फीड पंपाच्या पुढचा पाइप सोडून हातानं प्रायमर (डिझेल चढवायचा हातपंप) मारला, स्वच्छ डिझेल आलं. इथे नशीब.

४ सप्टेंबर

सेल्फ आणि अल्टरनेटर उतरवले. सेल्फ जड आहे, दुसरा बोल्ट सोडताना खालून हात द्या. उघडल्यावर आत अक्षरशः विटकरी गाळ, कार्बन ब्रश होल्डरमध्ये रुतलेले. सध्या शहरात सेल्फ रिपेअरवाल्यांकडे ढीग लागलेत, गोण्यांमध्ये भरून सेल्फ आलेत, त्यामुळे धुणं-पुसणं आपणच केलं आणि फक्त बुश, कार्बन आणि सोलेनॉइड त्याच्याकडून बसवून घेतलं. अल्टरनेटरचे बेअरिंग बदलले, कॉइल चांगली निघाली.

सुकवणं हा मोठा प्रश्न आहे कारण ऊन नाही, मधूनच झड येतेय. मंडपाचा माल कामी आला. दोन पेडेस्टल फॅन केबिनच्या दारात, सीट आणि मॅट काढून बाहेर, आणि डॅशबोर्डखाली ५०० वॅटचा हॅलोजन. केबिन छान सुकलं पण हॅलोजनच्या तोंडासमोर वायरिंगचा एक कपलर (जोड) होता तो वितळून बसला. पंखा पुरेसा आहे, थोडा वेळ जास्त लागेल इतकंच. हॅलोजन लावायचाच तर निदान दोन हात लांब.

सीटचा फोम फेकून दिला. पुराच्या पाण्याचा वास धुऊन जात नाही, डेटॉल घाला नाहीतर काही घाला.

६ सप्टेंबर, हरतालिका

नोझल टेस्ट होऊन आले, नव्या वॉशरसकट बसवले. इंजिनात आधी स्वस्तातलं ऑइल भरलं, हे फक्त आत फिरवून काढून टाकायचं आहे. डिझेल लाइनची एअर काढली. बॅटरी जोडली, चावी फिरवली आणि सेल्फ नुसता कण्हला. उंऽऽ, उंऽऽ, बस.

बॅटरीच्या दुकानात नेली, तो म्हणाला सेल गेलाय, पाण्यात होती ना. उद्या गणपती, मूर्ती आणायच्या आहेत, गिऱ्हाइकांचे फोन चालू, डोकं चालत नव्हतं. ६,२०० रुपये देऊन नवी घेतली. लावली. उंऽऽ.

उद्यासाठी छोटा हाथी टेम्पो भाड्यानं सांगितला.

८ सप्टेंबर

दुपारी काका जेवायला आले ते मल्टीमीटर घेऊनच. एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या घासून स्वच्छ केलेल्या जागेवर, आणि मला म्हणाले मार सेल्फ. मीटरवर २ व्होल्टच्या वर. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. म्हणजे बॅटरी आणि इंजिन यांच्यामधली अर्थिंग खाल्लीय. इंजिनपासून चेसिसला जाणारी विणलेली पट्टी बघितली, वरून धड दिसत होती, लगखाली (टोकाच्या कडीखाली) बोटानं दाबली तर हिरवी पूड हातात आली.

पट्टी १८० रुपयांची. चेसिसवरची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत केली, लग आवळला, वरून व्हॅसलीन. सेल्फ असा फिरला की काका मागे सरकले. थोडा वेळ खोकली, पांढरा धूर भपकन निघाला, सगळं गोडाउन भरलं, आणि इंजिन धरलं. धूर हळूहळू कमी झाला, सायलेन्सरमधून पाणी ठिबकत होतं तेही थांबलं. ऑइलचा दिवा लगेच विझला. रेस न देता चालू ठेवली, बंद केली, गरम असतानाच ते स्वस्तातलं ऑइल काढलं, ते अजूनही किंचित करडं होतं. तेच परत एकदा केलं, मग नवा ऑइल फिल्टर आणि चांगलं १५डब्ल्यू-४०.

जुनी बॅटरी चार्ज करून बघितली, १२.६ व्होल्ट धरून राहिली. म्हणजे सहा हजार दोनशे गेले ते त्या पट्टीपायी. ती बॅटरी आता एलईडी माळांना वापरतोय. बॅटरीवाल्याला बोलून काय करणार, पण सेल्फ कण्हत असेल तर दुकानात जायच्या आधी हे मीटरचं माप घ्या. मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला लावून सेल्फ मारा, जोरात फिरला तर अर्थिंग.

११ सप्टेंबर

गौरींची कामं. गाडीला हात नाही.

१४ सप्टेंबर

मागचे ड्रम. हँडब्रेकची केबल सैल केली, शू ड्रमजवळ आणणारा ॲडजस्टर मागे घेतला, तरी ड्रम हलेना. ड्रमवर दोन आट्यांची भोकं असतात, त्यात बोल्ट घालून थोडा थोडा दोन्ही बाजूंनी सारखा आवळत जायचा, म्हणजे ड्रम बाहेर ढकलला जातो. ती भोकं आधी तारेनं साफ करा, आतल्या गाळातच बोल्ट घातला तर आटे जातात. डावा सुटला. उजव्याला आवळून ताण देऊन ठेवला आणि ड्रमच्या कडेला लाकडी ठोकळा धरून त्यावर हातोडी, फिरवत फिरवत. बऱ्याच वेळानं ठण्ण करून बाहेर आला, आणि लायनर? लायनर ड्रमलाच चिकटून राहिले, ते ज्यावर बसतात ते शू मोकळे. शूच्या पत्र्याला गंज फुगून लायनर उचलले गेले होते.

एक व्हील सिलिंडर जाम, दुसरा हलतो पण रबराखाली गंज. दोन्ही नवे. ड्रमच्या आत लायनरच्या आकाराचे गंजाचे छाप उमटले होते, मकरपुरा जीआयडीसीत लेथवाल्याकडून ड्रम हलके मारून (आतून कातून) घेतले. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो तो बघूनच मारायला सांगा.

लायनरचा सेट आणला तो रुंदीला कमी निघाला. दिसायला तसाच, भोकं जुळतात, पण ड्रमची आतली कड उघडी राहते. बदलून घेतला, त्यात अर्धा दिवस गेला. जुना शू हातात घेऊनच दुकानात जा, मॉडेलचं नाव सांगून भागत नाही.

चाकं मोकळी झाली तसं डिफमधलं ते डिझेल फिरवून काढलं, रात्रभर निथळू दिलं, मग ईपी ९० गिअर ऑइल भरलं.

१८ सप्टेंबर

काल विसर्जन झालं, आज ब्रेक. फ्लुइड पूर्ण बदललं. फ्लुइड हवेतलं पाणीसुद्धा शोषतं, पुरात राहिलेलं तर ठेवायचा प्रश्नच नाही. झाकणावर डॉट ३ लिहिलंय, तेच, सीलबंद डबा. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी ड्रायव्हरच्या बाजूचं. भाचा पेडलवर, मी खाली. "दाब. धर. सोडू नको... आता सोड." थोड्या वेळानं वरून आवाज, "मामा, माझा पाय गेला."

एअर सगळी निघाली, पाइपमधून बुडबुडा नाही, तरी पेडल अर्ध्याच्या खाली जातंय, दुसऱ्यांदा दाबलं की वर येतंय. परत एअर काढत बसलो, फ्लुइडचा दुसरा डबा संपला. मग काकांना विचारलं तर ते म्हणाले दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतंय ना, मग एअर नाही, शू लांब आहेत. नवे लायनर, वरून ड्रम मारलेले, ॲडजस्टर मागे घेतलेला तो तसाच. चाक फिरवत ॲडजस्टर पुढे घेतला, घासायला लागेपर्यंत, मग किंचित मागे. पेडल वर आणि कडक. एअर काढायच्या आधीच ॲडजस्ट करून घ्या, एक डबा वाचेल.

२१ सप्टेंबर

पुढचे हब. कॅलिपर सोडून तारेनं चेसिसला टांगला, पाइपवर लोंबकळत ठेवू नका. ग्रीस पांढरट झालेलं. दोन्ही बाजूंचे टेपर बेअरिंग डिझेलमध्ये धुतले आणि पुसून, उजेडात धरून, एकेक रोलर नखानं फिरवून बघितला. डाव्या बाजूचे स्वच्छ. उजव्या बाहेरच्या बेअरिंगच्या रोलरवर केसाएवढ्या काळ्या आडव्या रेघा, रोलर जिथं कपला (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याला) टेकून पाण्यात उभा राहिला तिथं तेवढ्याच. कपमध्ये बोट फिरवलं तर डोळ्यांना दिसत नाहीत पण नखाला लागतात. मिस्त्रीच्या मते चाललं असतं. मी बदललं, भरल्या गाडीत पुढचं चाक हायवेवर आवाज करायला लागलं तर मग काय करणार. कप बदलताना जुना कप थोडा घासून बारीक करून नव्याच्या मागे ठेवला आणि त्यावर ठोकला, सरळ बसला.

ग्रीस नुसतं बाहेरून फासायचं नाही, तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूनं रोलरांच्या मधून ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत. ऑइल सील नवे. नट चाक फिरवत आवळायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग सैल करून, हलका हात लावून, चाक मोकळं फिरेल पण वर-खाली धरून हलवलं तर खडखडणार नाही इतपत. नवी स्प्लिट पिन.

२२ सप्टेंबर

गाडी चालवायला बसलो तर क्लच दाबूनही गिअर पडेना, कर्रर्र. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी जुना उपाय: इंजिन चांगलं गरम केलं, बंद केलं, गाडी मोकळ्या प्लॉटवर ढकलत नेली, पुढे कोणी नाही बघून दुसरा गिअर टाकला, क्लच पूर्ण दाबला आणि सेल्फ मारला. गाडी धक्के खात निघाली, क्लच दाबलेलाच ठेवून थोडी रेस, सोड, थोडी रेस, मध्ये ब्रेकचा झटका. प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत काही नाही. वळवून परत येताना खाट्ट असा आवाज आणि गाडी मोकळी. सुरुवातीला क्लच थोडा थरथरला, चालवल्यावर गेला. हे करायच्या आधी ब्रेक पक्के हवेत, म्हणून ब्रेक आधी घेतले.

२९ सप्टेंबर

पहिली लांब चक्कर, रिकामी गाडी, अकोट्यावरून छाणीपर्यंत. मध्ये थांबून चारही हबना हात लावला, सगळे सारखे कोमट. इंजिन छान. परत आल्यावर खाली बघितलं तर डिफच्या तोंडाशी, प्रोपेलर शाफ्ट जिथं जोडलाय तिथून ऑइल उडून हौद्याच्या तळाला पट्टा उमटलाय. पिनियन सील, म्हणजे तिथं ऑइल अडवणारं सील, गळतंय.

६ ऑक्टोबर

नवरात्र चालू, रात्री मंडपावर आणि दिवसा गाडीखाली. पिनियन सील बदललं. शाफ्ट सोडायच्या आधी दोन्ही फ्लँजवर पंचनं खूण केली, आणि पिनियनच्या नटावर आणि शाफ्टच्या टोकावरसुद्धा, आटे किती बाहेर आहेत तेही मोजून. तो नट नुसता घट्ट करायचा नसतो, त्याच्यावर आतल्या बेअरिंगचा ताण ठरलेला असतो, जिथं होता तिथंच परत आणायचा.

दुसऱ्या दिवशी माल भरून वाघोडियाला जाऊन आलो, परत गळती. सील उलटं बसलं का, फ्लँजवर खाच पडली का, सगळं बघितलं, काही नाही. दुसरं सील आणलं, तेही गळलं.

काकांनी गाडीखाली वाकून एक्सलच्या नळीवरचा ब्रीदर नखानं खरवडला. टोपीखाली वाळलेला चिखल दगडासारखा बसला होता. एक्सल गरम होतो, आतली हवा फुगते, वरून वाट बंद, मग ती सर्वात कमजोर जागा शोधते आणि सीलमधून ऑइल घेऊन बाहेर पडते. ब्रीदर काढून डिझेलमध्ये भिजवला, तोंडानं फुंकून मोकळा केला. गळती बंद. पहिलं सील कदाचित चांगलंच असेल. गिअरबॉक्सचा ब्रीदरही काढला, तोही बंदच होता.

२० ऑक्टोबर

वायरिंग. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकतो. असे भुताटकीचे प्रकार दिसले की बल्ब बदलत बसू नका, मागच्या दिव्यांची अर्थिंग बघा. करंटला घरी जायची वाट मिळाली नाही की तो शेजारच्या दिव्यातून जातो. तिथली अर्थची वायर बोल्टसकट गंजली होती. फ्यूज बॉक्स उतरवून कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुतला, कपलर एकेक उघडून हिरवं झालेलं टोक घासलं, जे पिचले होते ते कापून नवे लावले, त्यात माझ्या हॅलोजनचा प्रसादही आला. दोन रिले गेलेले. एका वेळी एकच कपलर सोडा आणि लगेच लावा, सगळे सोडून ठेवले तर रंग सारखे दिसतात.

डिफचं ऑइल काढून बघितलं, अजून किंचित धुरकट, परत नवं भरलं. चुंबकी प्लगवर बारीक करडा लगदा, कण नाहीत, म्हणजे बेअरिंग ठीक.

हौद्यातली रबर मॅट काढली तर खाली पत्र्याला पोपडे. पाणी जायची भोकं पडद्यांच्या सुतळीनं आणि गाळानं बंद. खरवडलं, रेड ऑक्साइड आणि काळा रंग. चेसिसवर जळकं ऑइल मारायची इकडे पद्धत आहे, मीही मारलं, गंजाला बरं पडतं, पण स्प्रिंगच्या पाट्यांच्या आणि शॅकलच्या रबरी बुशांवर उडू दिलं नाही, रबर फुगून मऊ पडतं.

१० नोव्हेंबर

दिवाळी लोड घेऊन पार पडली. हिशोब: इंजिन ऑइल, फ्लशिंगचं ऑइल आणि फिल्टर ४,१००. डिझेल-एअर फिल्टर, नोझल टेस्टिंग, वॉशर २,६५०. गिअर ऑइल, डिफचं दुसऱ्यांदा भरलेलं धरून ३,४००. सेल्फ १,८५०, अल्टरनेटर १,४००. बॅटरी ६,२००, अर्थिंग पट्टी १८०. लायनर, व्हील सिलिंडर, लेथ, फ्लुइड ४,३५०. हब बेअरिंग, सील, ग्रीस २,७५०. पिनियन सील दोन्ही मिळून ७००. वायरिंग १,९००. सीटचा फोम २,२००. एकूण ३१,६८० रुपये, छोट्या हाथीचं भाडं यात धरलेलं नाही, रंग घरात होता. काकांनी एक पैसा घेतला नाही, नवा शर्ट मात्र मागून घेतला.

राहिलेलं: आठ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग दरवर्षी असतं, आमचं डिसेंबरात आहे, त्याआधी रिफ्लेक्टर टेप नवी लावायची, जुनी पाण्यात सुटून आलीय. उजव्या दाराची काच अर्ध्यात अडकते, दार उघडून रूळ साफ करायचाय. आणि डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर आहे, टाकीतला फ्लोट गेलाय, तोपर्यंत किलोमीटर बघून डिझेल भरतोय.